टाकीचं विरजण

दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, निवृत्त पोलीस अधिकारी तर हमखास लिहितात. संडासाच्या टाक्या बांधणाऱ्या माणसाला कोणी 'लिही' म्हणत नाही. या वर्षी संपादकांनी म्हटलं आणि मी इतका हरखलो, की घरभर सांगत सुटलो. सौ. म्हणाल्या, "लोक फराळाची बशी मांडीवर घेऊन हे वाचणार का?" मी म्हटलं, "आज बशी रिकामी केली, की उद्या सकाळी याच विषयाशी गाठ आहे." त्या हसल्या आणि चिवडा परतायला आत गेल्या. तीच परवानगी समजून लिहायला बसलो आहे.

नोकरीचा सगळा पाढा वाचत नाही. एकाच टाकीची गोष्ट सांगतो. माझी पहिली टाकी. पुढे आयुष्यात पुष्कळ मोठी कामं केली, पण त्या टाकीचं झाकण उघडताना छातीत जे धडधडलं, ते पुन्हा कधी धडधडलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी सांगोल्याकडचा. आमच्या घरात मेंढरं होती, पाटी-पेन्सिल नव्हती. गावातल्या गुरुजींनी वडिलांना गाठून-गाठून मला शाळेत ठेवलं, बोर्डिंगात घातलं आणि मी सांगलीहून इंजिनिअर होऊन बाहेर पडलो. हे जे 'बाहेर पडलो' म्हणतो ना, ते एका दमात म्हणतो, पण त्यात किती जणांचे हात लागले आहेत ते माझं मला माहीत. सोलापुरात नव्या पेठेत बिराजदारसाहेबांचं ऑफिस होतं. तिथे मला नोकरी मिळाली. साहेब अक्कलकोटकडचे. घरी कानडी बोलत, ऑफिसात मराठी आणि रागावले की इंग्रजी. एक दिवस त्यांनी माझ्या टेबलावर नकाशाची गुंडाळी ठेवली आणि मराठीत म्हणाले, "मेटकरी, विणकरांच्या सोसायटीचं काम आलंय. घरांचं मी बघतो. संडासाच्या टाकीचं डिझाइन तू कर."

"मी? एकट्यानं?"

"मग काय मिरवणूक काढू तुझी?"

त्या दिवशी मी सायकलवरून खोलीवर गेलो ते हँडल सोडूनच.

गंमत म्हणजे सुटीत घरी गेल्यावर वडिलांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आरं, येवढं शिकून तू घान साठवायची टाकी बांधनार व्हय?" मी काही बोलायच्या आत चुलीपुढून आई म्हणाली, "बांधू द्या की. पहाटं उजाडायच्या आत बोरीच्या आडोशाला जावं लागतंय ते तुमाला काय ठावं?"   मोठमोठी पुस्तकं वाचून मला जे कळलं नव्हतं, ते आईनं भाकरी थापता थापता सांगून टाकलं होतं.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा सोलापुरातल्या पुष्कळ जुन्या घरांतून टोपलीचे संडास होते. मागच्या बोळात एक लोखंडी दार, त्याच्या आत टोपली, आणि ती टोपली रोज कुणीतरी बाई डोक्यावरून उचलून नेणार. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. गटारीची मोठी लाइन सगळीकडे पोचलेली नव्हती. जिथे ती नाही, तिथे उपाय म्हणजे सेप्टिक टँक. लोक तिला सेफ्टी टाकी म्हणत, आजही म्हणतात, आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही.

ही टाकी म्हणजे नुसता खड्डा नव्हे. ती पाण्याने कायम भरलेली असते. मैला आत आला, की जड भाग तळाशी बसतो, हलका वर तरंगून त्याची साय धरते आणि मधल्या थरात निवळ पाणी राहतं. ते पाणी पलीकडच्या नळातून बाहेर पडून शोषखड्ड्यात जातं आणि जमिनीत जिरतं. तळाशी बसलेल्या गाळाला टाकीतले जिवाणू खातात. त्यांना हवा लागत नाही, उजेड लागत नाही, पगार लागत नाही. लागते ती फक्त शांतता. म्हणून टाकी लांबट करायची, म्हणजे पाणी रमतगमत जातं. पाणी आत आणणारा आणि बाहेर नेणारा, दोन्ही नळ खाली वाकवायचे, म्हणजे वरची साय हलत नाही. दिवसभर तरी पाणी आत थांबलं पाहिजे एवढी जागा ठेवायची. बस्स. एवढंच गणित. पण ते जमलं, की माणसाच्या शरीरातून निघालेली घाण कुणाच्याही डोक्यावर न चढता मातीत मिळून जाते. मला तेव्हा ही गोष्ट जवळजवळ चमत्कारासारखी वाटायची. खरं सांगायचं तर अजूनही वाटते.

सोसायटीचे चेअरमन राजय्या. हातमागावर चादरी विणणारे, सूतही स्वतःच रंगवणारे. घरात तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी. सोसायटीतलं पहिलं घर त्यांचंच उभं राहत होतं. मी तिथे प्रथम गेलो तो जमिनीची परीक्षा करायला. सोलापूरची जमीन फसवी. वर काळी माती, ती पाणी धरून ठेवते आणि फुगून बसते. तिच्यात शोषखड्डा काढला तर तो शोषखड्डा नव्हे, डबकं. खाली मुरूम लागला तर मात्र पाणी छान जिरतं. म्हणून एक खड्डा मुरमापर्यंत घ्यायचा, पाण्याने भरायचा आणि पाणी किती वेळात किती उतरतं ते बघत बसायचं. मी घड्याळ काढून खड्ड्याच्या काठावर पालथा पडलो होतो. मागून आवाज आला, "काय बाबू, मासा धरतोस काय?"

राजय्यांची आई. सगळे तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणत, मीही म्हणू लागलो. पांढरं लुगडं, कपाळावर विभूतीची रेघ, गुडघ्यावर हात ठेवून एका बाजूला झुकत चालणारी. मी म्हटलं, "पाणी कुठं जातंय ते बघतोय, अव्वा."

"खाली जातंय की. वर कसं जाईल?"

ती एका दगडावर टेकली. ऊन मी म्हणत होतं. मी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिच्यापुढे केलं. तिने हात आडवा केला. "नको. दुपारनंतर मी नीळ्ळु पीत नाही." नीळ्ळु म्हणजे पाणी. मला वाटलं, काहीतरी व्रत असेल.

संध्याकाळी राजय्यांनी खालच्या आवाजात उलगडा केला. जुन्या घराचा संडास बोळाच्या दुसऱ्या टोकाला, चार घरांत मिळून एक. अव्वाचा गुडघा धरलेला. अंधार पडल्यावर तिला तिथपर्यंत जाववत नाही आणि कुणाला हाक मारायची तिला लाज वाटते. म्हणून दुपारची जेवणं झाली, की ती पाणीच सोडते. उन्हाळ्यातसुद्धा. "डॉक्टर ओरडतोय, पानी पी, पानी पी. ती ऐकत नाही. साहेब, घर मी तिच्यासाठी बांधतोय. बाकी काही कमी-जास्त झालं तर चालेल."

मला आई आठवली, बोरीचा आडोसा आठवला. त्या क्षणापासून ती टाकी माझ्यासाठी नकाशावरची चौकट राहिली नाही. मी संडासाच्या भिंतीत धरायला आडवा पाइप बसवायचं ठरवलं, आत जायच्या वाटेवर एकही पायरी ठेवायची नाही असं ठरवलं.

पण अडथळा सोसायटीतच होता. त्याचं नाव सायन्ना. सोसायटीचे खजिनदार, जिभेला धार आणि मनाने तितकेच सरळ. सभेत त्यांनी उठून विचारलं, "टोपली रोज उचलून नेतात. म्हणजे घाण घरातून जाते. हा इंजिनेर म्हणतो, घाण घरातच ठेवा, वर्षानुवर्षं ठेवा, वर फरशी घाला आणि तिथंच फिरा. आरं, मग देवघरही तिथंच बांधा की!"

सगळे हसले. मी उठून समजावलं, जिवाणू सांगितले, साय सांगितली. सायन्ना म्हणाले, "किडे पाळायचे म्हणतोय हा. रेशमाचे पाळले असते तर काहीतरी उपयोग होता."

शेवटी राजय्यांनी तोड काढली. टाकी फक्त त्यांच्या घराला बांधायची. नारळी पौर्णिमेला विणकरांच्या देवाचा रथ निघतो, त्याच्या आधी सोसायटीची सभा त्यांच्याच अंगणात घ्यायची. तोवर वास आला, तुंबली, काहीही झालं, तर टाकी मुरूम टाकून बुजवायची आणि सगळ्या घरांना मागच्या बोळात टोपलीचेच संडास बांधायचे. राजय्यांनी तसा शब्द दिला. विणकराचा शब्द म्हणजे मागावर चढवलेला ताणा, मध्ये सोडता येत नाही.

टाकी बांधली हुसेनभाई गवंड्यांनी. आतून सिमेंटचा गिलावा त्यांनी असा घोटला, की मी त्यात भांग पाडून घेतला असता. पण खरी खळबळ उडाली ती मी "आता टाकी पाण्याने भरायची" म्हटल्यावर. टाकी वापरायच्या आधी पाण्याने पूर्ण भरावी लागते, रिकाम्या टाकीत साय धरणार कशावर? हुसेनभाई म्हणाले, "क्या बोल रहे साब? लोगां को पीने को नहीं, अन् संडास को पानी पिलाते?" सायन्नांनी तर पेठेत जाऊन सांगितलं, की राजय्याच्या संडासाला पाण्याचा नैवेद्य आहे. नुकत्याच सरलेल्या दुष्काळात घागरीघागरीसाठी उभे राहिलेले लोक, त्यांना ते पाप वाटणारच. मग शेजारच्या शेतातल्या मचूळ विहिरीचं पाणी, जे तोंडात घेववत नसे, ते बैलगाडीवरच्या टाकीतून आणून भरलं. त्यात शेण कालवून टाकायचं होतं, जिवाणूंची सुरुवात व्हावी म्हणून. ते अव्वाने स्वतः आणलं, बादलीत कालवलं आणि अंगण सारवायच्या श्रद्धेने ओतलं. "शेण पडलं म्हणजे शुद्ध झालं," ती म्हणाली. मी मान हलवली. आमची शास्त्रं वेगवेगळ्या वाटेने एकाच बादलीपाशी आली होती.

गुढीपाडव्याला गृहप्रवेश झाला. मी अव्वाला सांगितलं, दर वेळी बादलीभर पाणी ओतायचं, कमी नको. तिने ठीक म्हटलं, पण दुपारनंतरचं पाणी काही सुरू केलं नाही. "टाकी राहते का ते सभेत ठरू दे आधी," म्हणाली. पहिला महिना टाकीने ब्र काढला नाही. मी दर आठवड्याला जायचो आणि टाकीतला गॅस उंचावर सोडणाऱ्या वायुनळीखाली उभा राहून दीर्घ श्वास घ्यायचो. शेजारपाजारच्या बायका मला बघून पदर तोंडाला लावत, वासाने नव्हे, हसू दाबायला.

मेच्या शेवटी राजय्या ऑफिसात आले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. "साहेब, वास यायला लागलाय. सडक्या अंड्याचा."

मी सायकल हाणत गेलो. वास खरंच येत होता, आणि तो आपला नेहमीचा वास नव्हता. कुंपणापाशी सायन्ना उभेच होते. "या इंजिनेर! किडे मेले वाटतं तुमचे?" ते चेष्टेने बोलले, आणि तेच खरं निघणार होतं, हे त्यांना तरी कुठे ठाऊक!

नळ्या तपासल्या, ठीक. वायुनळीत चिमणीचं घरटं असेल म्हणून शिडी लावून वर चढलो, नळी मोकळी. शोषखड्ड्याकडे गेलो, पाणी जिरत होतं, पण मुरमाच्या कडेला एक निळसर झाक होती. रात्रभर गणित पुन्हा मांडलं. लांबी बरोबर, खोली बरोबर. दुसऱ्या दिवशी बिराजदारसाहेब सोबत आले. ते झाकणापाशी उकिडवे बसले आणि एवढंच म्हणाले, "नकाशात काय बघतोस? टाकी बघ."

हुसेनभाईंनी पहारीने झाकण उचललं. गॅस जायला वेळ दिला आणि आम्ही वाकून आत पाहिलं.

जिवंत टाकी ओळखायची खूण असते. वर काळपट सायीचा जाड थर, आणि मधूनच कुठेतरी खालून बुडबुडा येऊन फुटतो. खाली जेवणावळ चालू आहे, असं तो सांगतो. इथे साय नव्हती. बुडबुडा नव्हता. खाली जे पडलं होतं, ते जसंच्या तसं पडलं होतं. आणि पाणी? पाणी होतं मोरपंखी! उन्हाची तिरीप पडली तसं ते आणखी खुललं. मला क्षणभर ते चक्क सुंदर वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी डोक्यात वीज चमकली. मी तिथेच ओरडलो, "रंग! साहेब, हा रंग आहे!"

"ओरडू नकोस," साहेब म्हणाले. त्यांचेही डोळे चमकत होते. "विचार."

मी परसात धावलो. सूत रंगवायची तांब्याची कढई तिथे होती आणि तिच्याशेजारी एक पिंप. पिंपात तेच मोरपंखी पाणी. अव्वा शेजारी बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती. मी विचारलं, "अव्वा, संडासात कुठलं पाणी ओतता?"

"हेच की." तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "रंगाचं उरलेलं. गरम असतं, सोडा असतो, फरशी कशी लखलखते बघ. कधी काळा, कधी निळा. वाया जाणारं पाणी आहे, बाबू. तू बादली-बादली म्हणालास. प्यायचं नीळ्ळु संडासात ओतू? सायन्ना काय म्हणेल? आमी दुष्काळात तोंड धुतलेलं पाणी झाडाला घातलंय."

 चूक अशी, की जगात दुसऱ्या कुठल्या घरात झाली नसती. रंगाऱ्याचं घर हवं, दुष्काळ पाहिलेली म्हातारी हवी आणि पाण्याच्या थेंबाची माया हवी. कॉस्टिक सोड्याचं कढत पाणी दिवसातून अनेकदा त्या बिचाऱ्या जिवाणूंच्या अंगावर पडत होतं. काळ्या रंगात गंधक असतं, सडक्या अंड्याचा वास त्याचाच. टाकी बिघडलेली नव्हती. उपाशी नव्हती. तिला रोज भाजलं जात होतं.

पण हे अव्वाला सांगायचं कसं? ती आधीच माझ्या तोंडाकडे बघून घाबरली होती. "माज्यामुळं झालं?" तिने विचारलं. "आता बुजवतील?"

"नाही," मी म्हटलं. "अव्वा, कढत दुधात विरजण घातलं तर दही लागतं का?"

"अय्यो, कसं लागेल? कोमट लागतं."

"टाकीतही विरजण असतं. तुम्ही शेण घातलंत ना, ते विरजण. त्यावर आपण कढत पाणी ओतलं."

तिने हातातली कांडी खाली ठेवली. "तोडु!" ती म्हणाली. तेलुगूत विरजणाला तोडु म्हणतात. "टाकीत तोडु आहे म्हणून आधी नाही सांगायचं? जिवाणू, जिवाणू म्हणत बसलास!"

मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जेवढं शिकलो होतो, त्याचा मराठी आणि तेलुगू अनुवाद त्या एका शब्दात झाला. पुढे मी कुठल्याही घरात टाकी समजावताना 'जिवाणू' म्हटलं नाही. विरजणच म्हटलं. बायकांना लगेच कळतं, पुरुषांना बायकांकडून कळतं.

मग आम्ही कामाला लागलो. वरचं रंगीत पाणी हातपंपाने उपसून विहिरीपासून लांब खड्ड्यात सोडलं. टाकीत माणूस उतरवायचा नाही, हा बिराजदारसाहेबांचा कडक नियम होता, आणि तो त्यांनी मला त्याच दिवशी शिकवला. "आत वास नसला तरी मरण असतं," ते म्हणाले. एवढी साधी गोष्ट. तरी आजही वर्तमानपत्रात टाकीत उतरून माणसं गेल्याची बातमी येते, तेव्हा माझ्या हातातला चहा निवतो. आम्ही टोपल्या उतरवल्या म्हणून मी एवढा अभिमान सांगतो आहे, पण त्या कामाचं ओझं ज्यांच्यावर होतं, त्यांच्यावरून ते पुरतं उतरलेलं नाही, ही खंत माझ्या अभिमानाच्या शेजारीच बसलेली असते.

टाकी पुन्हा मचूळ पाण्याने भरली. या वेळी नुसत्या शेणावर मला थांबायचं नव्हतं, सभा जवळ येत होती. साहेबांच्या बंगल्याची टाकी कैक वर्षं बिनतक्रार चालू होती. तिथला जुना, काळाशार गाळ म्हणजे उत्तम मुरलेलं विरजण. मी तो लांब दांड्याच्या भांड्याने काढून झाकणाच्या डब्यात भरला, डबा फडक्याने बांधला आणि सायकलच्या कॅरिअरला लावून भर दुपारी गावातून निघालो. चौकात आमच्या खाणावळीचे मालक भेटले. "काय मेटकरी, डबा कुणाचा?"

"विरजण आहे."

"घरचं? मग चमचाभर आमाला द्या की, आमचं दही लई पातळ लागतंय."

मी असा पेडल मारला, की मागे वळून पाहिलं नाही. महिनाभर त्या खाणावळीत मी दही घेतलं नाही.

अव्वाने मला डबा टाकीत एकदम रिकामा करू दिला नाही, "सावकाश, बाबू, सावकाश, विरजण उसळू नये," असं म्हणत ती माझा हात धरून उभी राहिली. रंगाच्या पाण्याला वेगळी मोरी काढून ते लांब नेलं. राहिला प्रश्न बादलीचा. चांगलं पाणी ती ओतणार नव्हती, कितीही शपथा घातल्या तरी. आणि मला ते पटलंही. मग न्हाणीघर आणि संडास यांच्या मधल्या भिंतीत मी एक लहानसा हौद काढला. आंघोळीचं पाणी त्यात साठायचं, आणि तेच थंड झालेलं पाणी संडासात जायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बिराजदारसाहेबांनी नकाशा बघितला, कानडीत काहीतरी पुटपुटले आणि सही केली. मी विचारलं, काय म्हणालात? "काही नाही. बरंय म्हणालो."

जून संपता संपता वास गेला. जुलैत झाकण उघडलं. वर सायीचा थर धरला होता. मी श्वास रोखून बघत राहिलो. आणि आला! खालून एक बुडबुडा आला, सायीखाली फुगला आणि फुटला. मग दुसरा. हुसेनभाई म्हणाले, "साब, जिंदा है!" आम्ही दोघांनी त्या संडासाच्या टाकीच्या काठावर एकमेकांना मिठी मारली. पलीकडच्या बोळातून जाणाऱ्या सायन्नांनी आमचा आरडाओरडा ऐकला आणि ते तसेच पुढे गेले.

नारळी पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली आणि ठरल्याप्रमाणे तिसऱ्या प्रहरी सभा भरली. राजय्यांच्या अंगणात त्यांच्याच मागावरच्या चादरी अंथरल्या होत्या. कडेला अव्वा सूत गुंडाळायचा रहाट घेऊन कांड्या भरत बसली होती. सायन्ना आले, मधोमध बसले, आणि जरा वेळाने चुळबुळ करू लागले. "राजय्या, काय टोचतंय रे खाली? चादरीत दोरा सोडलास वाटतं."

"असेल काहीतरी. बसा की," राजय्या म्हणाले.

विषय निघाला तसे सायन्ना उठले. "आधी टाकी दाखवा. मी स्वतः वास घेणार. उगीच नंतर बोलायला नको." ते वायुनळीखाली गेले, नाक वर केलं. मागच्या भिंतीशी गेले. न्हाणीघराभोवती फेरी मारली. सगळी सभा मान वळवून त्यांच्याकडे बघत होती आणि माझं काळीज नळीतून वर निघालं होतं. शेवटी ते परत येऊन आपल्या जागेवर बसले. "वास तर न्हाय. पण टाकी कुटं आहे? गाडून टाकलीत की काय?"

अव्वाने रहाट थांबवला. "सायन्ना, मघापासून तू तिच्यावरच बसलायस. टोचतेय ती झाकणाची कडी आहे."

सायन्ना असे ताडकन उठले, की त्यांचं उपरणं चादरीवरच राहिलं. अंगण हसून हसून लोळलं. बिराजदारसाहेब, ज्यांना मी कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, ते डोळे पुसत होते. सायन्नांनी चादर उचलली, झाकण बघितलं, वाकून त्याच्या फटीला नाक लावलं आणि बराच वेळ तसेच राहिले. मग सरळ उभे राहिले, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिहून घ्या. टाक्या सगळ्यांना. माझ्याकडची जरा मोठी काढा. आमच्यात माणसं लई आहेत."

सभा संपली. लोक उठून गप्पा मारत होते, कुणी रथाच्या तयारीचं बोलत होतं. दिवेलागणीची वेळ झाली होती. मी नकाशे गुंडाळत होतो, तेवढ्यात अव्वाने आत बघून सुनेला हाक मारली आणि तेलुगूत काहीतरी मागितलं. सून तांब्या घेऊन आली. अव्वाने तो दोन्ही हातांनी धरला, मान मागे टाकली आणि घटाघटा पाणी प्यायला सुरुवात केली. हनुवटीवरून ओघळ लुगड्यावर आला तरी ती थांबली नाही. 

तांब्या रिकामा झाला. तिने तो सुनेपुढे केला आणि म्हणाली, "अजून आण."